अध्यापक-कार्यभार, महाविद्यालयीन

महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकाने आठवड्यात व शैक्षणिक वर्षात करावयाच्या कामाचे ठरवून दिलेले परिमाण म्हणजे त्याचा कार्यभार होय. त्याचे दोन भाग पडतात : वर्गाध्यापन, अनुशिक्षण व प्रात्यक्षिके ही वेळापत्रकात दाखविता येणारी कामे आणि पाठाची पूर्वतयारी, उत्तरपत्रिकांची तपासणी, संशोधन, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, परीक्षांची व्यवस्था, समित्यांचे कामकाज इ. वेळापत्रकाबाहेरची कामे. कार्यभार व कर्तव्ये या संज्ञा व्यवहारात पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. परंतु त्यांत भेद आहे. कर्तव्य ही संज्ञा कामाचे स्वरूप सांगते, तर कार्यभार ही त्याचे माप. सर्वच कर्तव्यांना माप लावता येत नाही. ज्यांना ते लावता येते तेवढ्यांवरच पदांची संख्या, वेतनाचे अनुदान आणि नोकरीची शाश्वती अवलंबून असते. त्यामुळे भारतात, विशेषतः अनुदानित खाजगी महाविद्यालयांच्या बाबतीत, कार्यभाराची व्याख्या हा वरवर वाटतो तसा केवळ वेळापत्रकाचा प्रश्न राहिलेला नाही.

पूर्वेतिहास : मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेणारी संस्था म्हणून. अध्यापकाने किती तास शिकवावे, ही बाब महाविद्यालय चालविणाऱ्याच्या कक्षेतील मानली जाई. भारतीय विद्यापीठ अधिनियम, १९०४ अन्वये संलग्नीकरणाच्या अटींत अध्यापकवर्गाची पात्रता व सेवेच्या शर्ती यांचा समावेश झाला. तरी तासांचे माप ठरविण्यापर्यंत मजल गेली नव्हती.

कामाचे माप न ठरविता अध्यापकाचे सर्वस्वच संस्थेला वाहून घेण्याचा प्रयोग पुण्यात झाला. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन स्वीकारले होते. फर्ग्युसन महाविद्यालयात (स्थापना १८८५) गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र असे विषय वेळोवेळी शिकविले आणि त्याच काळात संस्थेच्या इमारतीसाठी सुट्ट्यांत गावोगाव फिरून निधीही जमविला. एकाच व्यक्तीने अध्यापन, प्रशासन व वर्गणी ही तिन्ही कामे करण्याची ही रीत तेथे स्वाभाविक समजली जाई. मात्र ‘पूर्णवेळ’ या शब्दाचा अर्थ काय, हा वादही याच संस्थेत प्रथम ऐरणीवर आला. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची मिळकत करू नये, केल्यास ती संस्थेत जमा करावी, असे बाळ गंगाधर टिळकांचे म्हणणे होते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्याने हा वाद विकोपाला गेला आणि टिळकांनी १८९० मध्ये संस्थेचा राजीनामा दिला. या वादामागे व्यक्तींचे व राजकारणाचे मतभेदही होते. तथापि अध्यापकाच्या वर्गाबाहेरील वेळेवर संस्थेचा हक्क कोठवर पोहोचतो, हा त्यातील तात्त्विक प्रश्न पुढील शतकभराच्या नियमावल्यांना सोडविता आलेला नाही.

तासांच्या मापाचा उगम : अध्यापकाचे काम तासांत मोजण्याची कल्पना प्रामुख्याने अमेरिकेतून आली. अँड्रू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरची देणगी दिली. तिचा लाभ कोणत्या संस्थांना द्यावयाचा हे ठरविताना प्रवेशार्थी विद्यार्थ्याच्या माध्यमिक शिक्षणाचे मोजमाप आवश्यक झाले आणि वर्गातील तासांवर आधारलेले एकक रूढ झाले. पुढे याच कार्नेगी प्रतिष्ठानाने मॉरिस कुक या अभियंत्याकडून विद्यापीठांच्या कार्यक्षमतेची पाहणी करविली. कुक हे कारखान्यांतील शास्त्रीय व्यवस्थापनाचे प्रवर्तक फ्रेडरिक टेलर यांचे अनुयायी होते. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी ‘विद्यार्थी-तास’ (एका विद्यार्थ्याने एक तास घेतलेले शिक्षण) हे परिमाण सुचविले. कारखान्याचा गज विद्यापीठाला लावल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली व ती अनाठायी नव्हती. मात्र त्यांच्या अहवालातील एक निरीक्षण आजही विचारात घेण्याजोगे आहे. सामानाच्या याद्या करणे, प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढणे, नित्याचा पत्रव्यवहार सांभाळणे यांसारख्या कारकुनी कामांत प्राध्यापकांचा वेळ खर्ची पडतो आणि ही कामे त्यांच्याकडून काढून घ्यावीत, असे त्यांचे मत होते. पुढील काळात तासांची मोजदाद सर्वत्र स्वीकारली गेली. ही शिफारस तशी स्वीकारली गेली नाही.

अमेरिकेतील प्राध्यापकांच्या संघटनेने १९६९ मध्ये कार्यभाराविषयी एक निवेदन स्वीकारले. पदवी वर्गांसाठी आठवड्याला १२ तास आणि पदव्युत्तर अध्यापन करणाऱ्यासाठी ९ तास ही त्यात कमाल मर्यादा होती. इष्ट प्रमाण अनुक्रमे ९ व ६ तास असे सांगितले होते. तासांबरोबरच एका वर्षात किती वेगवेगळ्या अभ्यासक्रमांची तयारी करावी लागते यावरही त्यात मर्यादा घातली होती, हे विशेष. एकच पाठ दोन तुकड्यांना देणे आणि दोन वेगळे पाठ देणे यांतील श्रमांचा फरक तिने मान्य केला. ब्रिटनमधील पॉलिटेक्निक संस्थांच्या अध्यापकांसाठी झालेल्या राष्ट्रीय करारात आठवड्याला १८ व वर्षाला ५५० तास ही नियत अध्यापनाची कमाल मर्यादा होती. १९९२ नंतर या संस्थांना विद्यापीठांचा दर्जा मिळाल्यावरही तो करार आधारभूत राहिला. या दोन्ही ठिकाणी तासांचा आकडा ‘याहून अधिक नको’ अशा अर्थाने येतो. भारतातील विनियमांत तो ‘याहून कमी नको’ अशा अर्थाने आला, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा फरक होय.

भारतातील विनियम : डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) परीक्षेचे दिवस वगळून वर्षाला किमान १८० कामाचे दिवस असावेत, अशी शिफारस केली. पुढील सर्व नियमांत आढळणारा १८० हा आकडा तेव्हापासूनचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ च्या अधिनियमाने वैधानिक दर्जा मिळाला. १९७३ नंतर वेतनश्रेणींची सुधारणा अखिल भारतीय पातळीवर होऊ लागली, तशी वाढीव वेतनाबरोबर कामाच्या शर्तीही घालण्याची प्रथा पडली. वेतन-पुनर्रचनेचा प्रत्येक टप्पा हा कार्यभाराच्या वादाचाही टप्पा ठरला, तो यामुळे.

आयोगाच्या १९९८ च्या अधिसूचनेत आलेली व २०१० आणि २०१८ च्या विनियमांत कायम राहिलेली मुख्य तरतूद अशी : पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार वर्षातील ३० आठवडे (अध्यापनाचे १८० दिवस) आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नसावा, अध्यापकाने महाविद्यालयात रोज किमान ५ तास उपलब्ध असावे आणि त्यासाठी आवश्यक ती जागा व सुविधा संस्थेने पुरवावी. प्रत्यक्ष अध्यापनाचे तास आठवड्याला कनिष्ठ श्रेणीसाठी (पूर्वीचे अधिव्याख्याते, २०१० नंतरचे सहायक प्राध्यापक) १६ आणि त्यावरील श्रेणींसाठी १४ असे ठरविले आहेत. २०१० च्या विनियमांत संशोधनासाठी आठवड्याला किमान ६ तास राखून ठेवण्याचाही उल्लेख आहे.

या आकड्यांचा अर्थ थोडा हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही. ३० आठवड्यांत १८० दिवस म्हणजे सहा दिवसांचा आठवडा. रोज ५ तासांप्रमाणे महाविद्यालयातील उपस्थिती ३० तासांची होते. म्हणजे उरलेले १० तास अध्यापक महाविद्यालयाबाहेर, घरी वा ग्रंथालयात, काम करतो हे विनियमांनीच गृहीत धरले आहे. अध्यापक ‘दिवसाला तीन तास काम करतो’ हा लोकांतील समज केवळ वर्गाध्यापनाचे तास पाहिल्याने झालेला आहे. तसेच ४० तासांतून अध्यापनाचे १६ व संशोधनाचे ६ तास वजा केल्यास १८ तास उरतात. एका तासाच्या व्याख्यानाला एका तासाची तयारी लागते, असे माफक प्रमाण धरले, तर त्यांपैकी १६ तास तयारीत जातात आणि चाचण्या, तपासणी, मार्गदर्शन व समित्या यांसाठी आठवड्याला २, म्हणजे वर्षाला ६० तास राहतात. प्रत्येकी १२० विद्यार्थ्यांचे चार वर्ग शिकविणाऱ्या अध्यापकाने एकच लेखी चाचणी घेतली व प्रत्येक उत्तरपत्रिकेला दहा मिनिटे दिली, तर तेवढ्याच कामाला ८० तास लागतात. हिशेब जुळविण्यासाठी तयारी, संशोधन किंवा तपासणी यांपैकी कशाला तरी कात्री लागते. ती कशाला लावावयाची, हे विनियमांनी सांगितलेले नाही.

कार्यभार आणि पदे : महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत अध्यापकांचे वेतन राज्य शासनाच्या अनुदानातून दिले जाते. कोणत्या विषयाला किती पदे मंजूर करावयाची, हे त्या विषयाच्या एकूण साप्ताहिक तासांना एका अध्यापकाच्या विहित तासांनी भागून ठरते. अशा रीतीने १६ हा आकडा अध्यापकाच्या कामाचे माप न राहता पदांच्या भागाकारातील भाजक बनतो. भाजक मोठा झाला की पदे कमी होतात.

मराठीतील ‘तास’ या शब्दाच्या दुहेरी अर्थाने या भागाकारात आणखी एक गुंता निर्माण केला आहे. घड्याळाचा तासही तासच आणि वर्गातील एका पाठाचा कालावधीही तासच. शासकीय कागदपत्रांत दुसऱ्या अर्थी ‘तासिका’ हा शब्द रूढ झाला तो हा घोटाळा टाळण्यासाठी. पुष्कळ महाविद्यालयांत तासिका ४८ मिनिटांची असते. त्या हिशेबाने घड्याळाचे १६ तास म्हणजे ९६० मिनिटे, अर्थात २० तासिका होतात. एखाद्या विभागात आठवड्याला ८० तासिका असतील, तर १६ तासिकांना एक पद धरल्यास पाच अध्यापक लागतात. २० तासिकांना धरल्यास चार. पाचवा अध्यापक अतिरिक्त ठरतो. शब्दाचा अर्थ लावण्यावर एका माणसाची नोकरी अवलंबून असते, ती अशी.

प्रात्यक्षिकांचे मूल्य हा असाच दुसरा वादाचा विषय आहे. प्रयोगशाळेतील एक तास व्याख्यानाच्या एका तासाबरोबरीचा की निम्म्याचा? प्रात्यक्षिकात अध्यापकाला सलग बोलावे लागत नाही, हे निम्मे मूल्य मानणाऱ्यांचे म्हणणे. प्रयोगांची मांडणी, विद्यार्थ्यांची सुरक्षितता व प्रत्येकाच्या निरीक्षणांची तपासणी यांत व्याख्यानापेक्षा कमी श्रम नाहीत, हे दुसऱ्या बाजूचे. मे २०१६ मध्ये अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत दुरुस्ती करून सहायक प्राध्यापकांचे अध्यापनाचे तास अनुशिक्षणासह २४ पर्यंत, तर वरच्या दोन श्रेणींचे अनुक्रमे २२ व २० पर्यंत वाढविले आणि प्रात्यक्षिकांचे मूल्य निम्मे केले. आठवड्याला ९६ तासांचे काम असलेल्या विभागात १६ तासांच्या मापाने सहा पदे होतात, तर २४ तासांच्या मापाने चारच. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हंगामी अध्यापकांचे प्रमाण मोठे असल्याने तेथे या दुरुस्तीविरुद्ध तीव्र आंदोलन झाले व अध्यापकांनी उत्तरपत्रिकांच्या तपासणीवर बहिष्कार घातला. काही आठवड्यांतच केंद्र शासनाने माघार घेतली आणि १६ व १४ तासांचे जुने प्रमाण पुन्हा लागू झाले. अध्यापनाचा दर्जा हा या प्रकरणातील चर्चेचा विषय होता, परंतु तिला धार आली ती नोकऱ्यांच्या प्रश्नाने.

ज्या विषयाचे तास पूर्ण पदाला पुरत नाहीत, अथवा जेथे पद मंजूर असूनही भरले गेलेले नाही, तेथे ‘तासिका तत्त्वावर’ अध्यापक नेमण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली आहे. या अध्यापकास प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांचेच मानधन मिळते. पाठाची तयारी, तपासणी व विद्यार्थ्यांच्या शंका यांचा त्यात वेगळा हिशेब नसतो. सुट्टीतील महिन्यांचे मानधन नसते. सर्व पात्रता पूर्ण करून दीर्घकाळ याच स्थितीत राहिलेल्या अध्यापकांचा वर्ग त्यामुळे निर्माण झाला. कार्यभाराची व्याख्या केवळ तासांपुरती आखडली तर काय होते, याचे हे सर्वांत उघड उदाहरण म्हणावे लागेल.

श्रेयांक पद्धतीने आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार झालेल्या बदलांनी या हिशेबात नवी अस्थिरता आणली. श्रेयांक पद्धतीत सामान्यतः सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक असे समीकरण असते. महाराष्ट्रात नवे धोरण स्वायत्त महाविद्यालयांत व पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांतील पदवी वर्गांना २०२४-२५ पासून लागू झाले. विद्यार्थ्याला विषयनिवडीची अधिक मोकळीक मिळाल्याने एखाद्या विषयाचे तास सत्रागणिक बदलू शकतात, तर पद मात्र कायम स्वरूपाचे असते. भाषा व सामाजिक शास्त्रे यांच्या लहान विभागांना याची झळ अधिक बसण्याचा संभव आहे.

वेळापत्रकाबाहेरची कर्तव्ये : यांत परीक्षेचे काम सर्वांत मोठे. संलग्न महाविद्यालयांच्या पद्धतीत परीक्षा विद्यापीठाची, पण प्रश्नपत्रिका काढणारे, पर्यवेक्षण करणारे व उत्तरपत्रिका तपासणारे अध्यापक महाविद्यालयांचे असतात. हे काम अध्यापकाच्या कर्तव्याचा भाग आहे की स्वतंत्र मोबदल्याचे ऐच्छिक काम आहे, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. महाराष्ट्रातील विद्यापीठीय व महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या महासंघाने फेब्रुवारी ते मे २०१३ या काळात सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी व पात्रता-परीक्षा न दिलेल्या अध्यापकांच्या सेवा यांसंबंधीच्या मागण्यांसाठी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला, तेव्हा हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ अन्वये परीक्षा व मूल्यमापन यांच्या कामात साहाय्य करणे प्रत्येक अध्यापकावर बंधनकारक आहे. निकाल ३० दिवसांत व उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावण्याची तरतूदही त्यात आहे. परंतु साप्ताहिक तासांच्या गणनेत या कामाला स्थान मिळालेले नाही. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये घेतला व निकाल महिनोन्‌महिने रखडले. तेव्हा महाविद्यालयांतील अध्यापन काही दिवस थांबवून प्राध्यापकांना तपासणीस बसवावे लागले. मोजणीबाहेर ठेवलेले काम त्या वेळी मोजलेल्या कामाच्या जागी येऊन बसले.

राष्ट्रीय सेवा योजना (१९६९) व राष्ट्रीय छात्रसेना यांचे अधिकारी अध्यापकच असतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील तरतुदीनुसार शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांतील कर्मचाऱ्यांना निवडणुकीच्या कामासाठी पाचारण करता येते व त्यातून महाविद्यालयीन अध्यापक सुटत नाहीत. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद १९९४ मध्ये स्थापन झाल्यानंतर संस्थेची माहिती जमविणे, अहवाल लिहिणे व पुरावे जतन करणे हे एक नवे कायमचे काम निर्माण झाले. लहान महाविद्यालयांत कार्यालयीन सेवकवर्ग अपुरा असल्याने तेही अध्यापकांकडेच आले. कुक यांनी १९१० मध्ये ज्या कारकुनी कामांबद्दल लिहिले होते, त्यांचेच हे वाढीव रूप होय.

या विखुरलेल्या कामांचे माप घेण्याचा मोठा प्रयत्न २०१० च्या विनियमांतील गुणांकन पद्धतीने केला. अध्यापन व मूल्यमापन, सहशालेय व संस्थात्मक कार्य, तसेच संशोधन असे तीन विभाग करून प्रत्येकास गुण ठरविण्यात आले व पदोन्नती त्यांवर अवलंबून ठेवली गेली. पहिल्या विभागास कमाल १२५ गुण होते आणि वर्षाला किमान ७५ मिळविणे आवश्यक होते. वर्गाबाहेरील कामाला प्रथमच अधिकृत मान्यता मिळाली, ही या पद्धतीची जमेची बाजू. परंतु संशोधन-लेखांची संख्याच मोजली जाऊ लागल्याने पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली आणि प्रमाणपत्रे गोळा करणे हे स्वतंत्र काम होऊन बसले. २०१८ च्या विनियमांत ही पद्धत बरीच सैल करण्यात आली.

विधिविषयक स्थान : अध्यापकाच्या कामाला कारखान्यातील कामगारांचे कायदे लागू होतात काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे अनेकदा आला. बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये उद्योग या संज्ञेची व्यापक व्याख्या करून शिक्षणसंस्थांचाही तीत समावेश केला. मात्र गोवा, दमण व दीव सरकारविरुद्धच्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ मध्ये त्याच न्यायालयाने असा निर्णय दिला की, शिकविण्याचे काम औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये उल्लेखिलेल्या अंगमेहनतीच्या, पर्यवेक्षी, तांत्रिक वा कारकुनी कामांत बसत नसल्याने शिक्षक हा त्या अधिनियमाच्या अर्थाने कामगार नव्हे. संस्था उद्योग ठरली, तरी तेथे शिकविणारा कामगार ठरला नाही. परिणामी त्या अधिनियमाखालील विवादनिवारणाची यंत्रणा अध्यापकांना उपलब्ध झाली नाही. महाराष्ट्रात विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय आहे, ती प्रामुख्याने बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती यांसारख्या कारवायांपुरती. तासांच्या वाटपाविषयीची तक्रार प्रथम प्राचार्याकडे व विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे न्यावी लागते.

१९८९ मध्ये अनुदान आयोगाने अध्यापकांसाठी व्यावसायिक आचारसंहिता प्रसृत केली. आपल्या व्यावसायिक जबाबदाऱ्यांना बाध येईल अशी अन्य नोकरी, खाजगी शिकवण्या व शिकवणी वर्ग यांपासून अध्यापकाने दूर राहावे, असे तीत म्हटले आहे. बाध केव्हा येतो, हे ठरविण्याचे काम मात्र संहितेने नियामक संस्थांवर व अध्यापकाच्या विवेकावर सोपविले आहे.